खणात सापडलेली बोटे

मित्रांनो, मी एक जुने लाकडी टेबल आहे आणि मी एका मुलीची तीन बोटे मोडली आहेत. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचे ऐकायचे की नाही ते तुम्ही ठरवा.

मला घडवणारा सुतार तोंडाचा फटकळ, पण हाताचा सच्चा. माझा खण बसवून त्याने एका बोटाने ढकलला आणि म्हणाला, "बघा साहेब, फुंकर मारली तरी मिटेल." घरधनी खूश झाले. त्यांचे सारे लिहिणे माझ्यावरच झाले. ते वारले आणि माझे दिवस फिरले. त्यांचा मुलगा, म्हणजे दादा, माझ्यावर इस्त्री करू लागला, गरम कप टेकवू लागला. दमट हवेने खण फुगला. उघडताना तो असा करकरायचा की अख्ख्या घराला कळावे.

मग दादाच्या धाकट्या बहिणीला परदेशातल्या विद्यापीठात प्रवेश मिळाला. दादाने तिथे जायला दोनदा अर्ज केला होता, तोही वकिलाकडून, आणि दोन्ही वेळा तोंडघशी पडला होता. वकिलाने काय भरले ते त्याने वाचलेही नव्हते. धाकटी मात्र व्हिसाचा अर्ज स्वतः भरायला बसली. सूचनांची चाळीस पाने तिने पेन्सिलीने खुणा करत वाचली. दादाने ते पाहिले तेव्हा प्रवेशाचे पत्र टराटरा फाडले आणि तिचे डोके माझ्या कडेवर आपटले. रक्ताचा डाग अजून माझ्यावर आहे.

तिने पत्राची नवी प्रत काढली आणि सारे कागद माझ्या खणात लपवले. खण वाजू नये म्हणून त्याच्या दोन्ही बाजूंना मेणबत्ती घासली. कित्येक वर्षांनी कुणीतरी माझ्याकडे लक्ष दिले होते. खण पुन्हा अलगद सरकू लागला. मी फार सुखावले.

व्हिसासाठी बोटांचे ठसे द्यायला जायच्या आदल्या दुपारी ती खणातून कागद काढत असताना दादा आला.

"वकिलाशिवाय निघालीस? मला वकील असून जमलं नाही, ते तुला जमणार?"

"दादा, जाऊ दे मला. उद्या अकराला पोचायचंय."

"ठसे द्यायचेत ना? आण हात."

त्याने तिचे मनगट पिरगळून उजव्या हाताची बोटे खणाच्या फटीत दाबली आणि खणावर लाथ घातली. पूर्वी दहादा अडकणारे मी, त्या दिवशी अडकले नाही. तिनेच लावलेल्या मेणावरून खण सुसाट मिटला. एकदा नाही, तीनदा. हाड मोडल्याचा आवाज मला लगेच कळला, सुकी फांदी मोडावी तसा. आई दारात उभी राहून नुसती "पुरे रे आता" म्हणत होती. शेजारच्या काकूंनी रेडिओ मोठा केला.

दादा हात झटकून निघून गेला. आईने बोटांना फडके गुंडाळले. "सोड आता तो नाद," ती म्हणाली. "वकील असता तर काही मार्ग तरी काढला असता."

धाकटीने डाव्या हाताने पाने उलटली. रक्ताचे थेंब कागदावर पडत होते.

"सव्विसावं पान, आई. बोटांना इजा असेल तर डॉक्टरांचं पत्र न्यायचं. उरलेल्या बोटांचे ठसे घेतात." पेन्सिलीची खूण तिने आधीच केली होती.

डॉक्टरांचे पत्र घेऊन ती परतली तेव्हा आईने ते वाचले. बोटे कुणी मोडली तेही डॉक्टरांनी लिहिले होते.

"हे कशाला सांगितलंस?"

"त्यांनी विचारलं, आई. आजवर कुणी विचारलंच नव्हतं."

तिने सात बोटांचे ठसे दिले. व्हिसा आला, आणि ती गेली. दादाने हातोडी घेऊन माझा खण फोडला. मला वाईट वाटले नाही.

मित्रांनो, जुन्या लाकडाला मेण लावा, जरूर लावा. पण शेजारी कुणी किंचाळले तर रेडिओ मोठा करू नका. चार पाय असूनही मला त्या दिवशी कुणाचे दार गाठता आले नाही. तुम्हाला दोनच आहेत, पण तेवढे पुरतात.