रिओहा आणि आईंची खुर्ची

यतीनने स्पेनहून आणलेली लाल वाइन आम्ही रविवारी दुपारी उघडली आणि मटणाच्या पहिल्या घासाबरोबर आमचं जेवणघर लांबलं. टेबलही लांबलं. समोर बसलेल्या सासूबाई खुर्चीसकट मागे गेल्या, इतक्या की त्यांना मीठ द्यायला यतीनला उठून चालत जावं लागलं.

"रिओहा आहे," परत येऊन तो म्हणाला. "ओकच्या पिंपात मुरवलेली. मटणाबरोबर घ्या म्हणाला दुकानदार."

दुकानदाराचं बरोबर होतं. नुसती प्यायले तेव्हा जीभ कोरडी पडली होती, कच्चं जांभूळ खाल्ल्यासारखी. आता मटणाच्या चरबीने तो तुरटपणा विरघळवला. मागून चेरी आली, जराशी व्हॅनिला, आणि चपलांच्या दुकानात शिरताना येतो तो वास.

"चामडं," लांबून आई म्हणाल्या.

आमचे हात ताटातच थांबले. गेल्या वर्षीच्या तापानंतर आईंना कसलाच वास येत नव्हता. दूध करपलं तरी त्या शेजारी बसून पेपर वाचत. भूक लागली म्हणून नाही, घड्याळात वाजले म्हणून जेवत.

"आई, अजून काय येतंय?" मी ओरडून विचारलं.

"आधी आणखी वाढ तरी!"

मी वाटी भरून नेली. त्यांनी घास घेतला, वर घोट घेतला, आणि खोली पुन्हा ताणली गेली. कणकेचा गोळा ओढला की मधे बारीक होतो, तशी ती अरुंदही होत होती. भांड्यांचं कपाट अर्धं भिंतीत गेलं होतं.

यतीनने सुरमईचं कालवण घेतलं आणि घोट घेऊन तोंड वाकडं केलं. "लोखंड चाटल्यासारखं लागतंय."

खोली गपकन आखडली. आई थेट आमच्यासमोर आल्या. त्यांनी ग्लास नाकाशी धरला, मग खाली ठेवला.

"गेला वास," त्या म्हणाल्या. "का खाल्लंस रे ते?"

मला राहवेना. मी फ्रिज उघडला. ठेच्याबरोबर वाइन नुसती जळजळली. भिंती थरथरल्या, पण हलल्या नाहीत. चीजच्या तुकड्याने खोली थोडी लांबली. विस्तवावर भाजलेल्या वांग्याच्या भरताने बरीच, कारण त्या धुराला वाइनमध्ये कुठेतरी जागा होती. आई मागे जाताना हसत होत्या. मी पुन्हा मटणावर आले.

"मैथिली, बस झालं," यतीन म्हणाला. आता त्याचा एक खांदा भिंतीला टेकला होता आणि दुसरा माझ्या खांद्याला. "तिचा चेहरासुद्धा दिसत नाही."

"वास येतोय त्यांना."

"आणि खोली परत आलीच नाही तर?"

मी आईंना हाक मारली. आवाज पोचायला वेळ लागला, उत्तर यायला त्याहून जास्त.

"इथे ऊन आहे," त्या म्हणाल्या. "तंबाखू सुकत घातल्यासारखा वास येतोय. पुढे आणखी काहीतरी आहे गं, नीट कळत नाही. एवढा एक घास खा."

"आई, परत ये!" यतीन ओरडला. त्याने कालवणाचा चमचा भरला, पण कोपर भिंतीत अडकलं. चमचा तोंडापर्यंत जाईना. "मैथिली, तू घे. माझ्या हातातून घे."

चमचा माझ्या ओठांपाशी होता. माझ्या एका हातात ग्लास आणि दुसऱ्यात मटणाचा शेवटचा तुकडा होता. ग्लासात दोनपैकी एकाच घासाला पुरेल एवढी वाइन होती.

पलीकडे, जिथे फरशी संपली होती, तिथे आई खुर्चीवरून उठल्या. वाकून त्यांनी मूठभर लाल माती उचलली आणि नाकाशी नेली. मी तोंड उघडलं.