तीन नंबर मिळाला

नखाचा कोपरा जरा खोल कापला गेला आणि उस्तादाच्या उजव्या पायाने बायकोच्या हनुवटीवर खाडकन लाथ मारली. नेलकटर पलंगाखाली गेला. सव्वीस वर्षांच्या संसारात ज्या माणसाने साधा आवाज चढवला नव्हता त्याची लाथ खाऊन ती आधी हसली, मग रडली आणि हनुवटी चोळत म्हणाली,

"अहो, हलला! पाय हलला!"

"दिसलं मला," उस्ताद म्हणाला.

"दिसलं काय, हलवलात ना तुम्ही!"

उस्तादाने छताकडे पाहिलं. छताला काही विचारायचं असल्यासारखं बराच वेळ पाहिलं.

आठ महिन्यांपूर्वी तो टेलिफोनच्या खांबावरून पाठीवर पडला, तेव्हापासून बेंबीखालचं शरीर त्याच्या ताब्यात नव्हतं. वरचं सगळं ठणठणीत होतं: हात, जीभ, भूक आणि लोकांच्या खोड्या काढायची सवय. खालचं मात्र पाहुणा विसरून गेलेल्या सामानासारखं पलंगावर पडून असे. कुणीतरी उचलून इकडचं तिकडे ठेवायचं, एवढाच त्याचा संबंध.

ती तोवर फोनला भिडली होती. आधी बहीण, मग भाऊ, मग शाळेतली मैत्रीण. दर फोनला लाथ थोडी मोठी होत गेली. चौथ्या फोनला, म्हणजे उस्तादाच्या कामावरच्या लंबूला कळवेपर्यंत, त्या लाथेने ती खुर्चीसकट मागे कोलमडली होती.

"आता खालच्या काकूंना सांगून टाकते," ती म्हणाली. "जागा नको म्हणून."

"थांब जरा."

"कशाला? संध्याकाळपर्यंत उत्तर हवंय त्यांना. दुसरी माणसं दारात उभी आहेत. पाय परत येतोय, मग घर कशाला बदलायचं? तिसऱ्या मजल्यावरचा वारा तळमजल्यावर मिळणारे का?"

वारा! उस्तादाला हसू आलं, पण ते त्याने गिळलं. खालच्या काकू मुलीकडे कायमच्या निघाल्या होत्या. त्यांच्या दोन खोल्यांचं दार थेट रस्त्यावर उघडायचं, मधे एक पायरी, तीही वीतभर. गेल्याच आठवड्यात त्याने लंबूला टेप घेऊन खाली पाठवलं होतं. दार बत्तीस इंच, चाकांची खुर्ची सव्वीस. इकडे तिसऱ्या मजल्यावरून त्याला खाली न्यायचं तर चार माणसं लागत, आणि ती चार माणसं गोळा करायला दोन दिवस. दवाखान्यातून घरी आणल्यापासूनच्या पाच महिन्यांत तो तीनदा खाली गेला होता, तिन्ही वेळा दवाखान्यात.

खुर्ची दारामागे घडी घालून उभी होती. तिच्यावरचं प्लास्टिक बायकोने अजून काढू दिलं नव्हतं. प्लास्टिक निघालं की पाय गेले असं ठरेल, असा तिचा हिशेब. हिशेब चुकीचा होता, पण तो मांडणारी बाई रोज पहाटे उठून त्याला कुशीवर वळवणारी होती, त्यामुळे वाद घालायची सोय नव्हती.

आणि वाद घालायचा तर आठ महिन्यांपूर्वीच घालायला हवा होता. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी कागदावर त्याला चित्र काढून दिलं होतं. वर मेंदू, त्यातून निघून पाठीच्या कण्यातून उतरणारा मज्जारज्जू, त्याला फुटलेल्या नसा. काही नसा वर बातम्या नेणाऱ्या, काही खाली हुकूम आणणाऱ्या.

"अरे, मग हे तर आमचंच खातं," उस्ताद खूश होऊन म्हणाला होता. "एक्स्चेंज, मेन केबल आणि घरोघरच्या तारांच्या जोड्या."

"अगदी तसंच."

"मग माझी मेन केबल तुटली. जॉइंट मारा की."

बाई हसल्या नव्हत्या. "तुमच्या केबलमधल्या तारांना रंग असतात ना?"

"असतात. त्यावरूनच तर जुळवतो."

"इथे रंग नसतात. आणि तुटलेली तार नुसती धरूनही चालत नाही."

मग पेनाचं टोपण बंद करत त्या म्हणाल्या होत्या, "एक सांगून ठेवते. पुढे कधीतरी पाय हलेल. टोचलं, चिमटा बसला, की झटका मारेल. घरचे आनंदाने नाचतील. पण टोचल्याची बातमी कण्यापर्यंत जाते आणि पाय मागे घ्यायचा हुकूम तिथूनच सुटतो. मेंदूला त्यातलं काही कळत नाही. तुमचं काळीज, तुमचं पोट, ही खाती जशी तुम्हाला न विचारता चालतात, तसंच काहीसं."

"म्हणजे खांबावरच्या पेटीतच तारा एकमेकींना चिकटल्या," उस्ताद सावकाश म्हणाला होता. "टक्क ऐकू येतं, पण एक्स्चेंजला पत्ता नाही."

"घरी मी सांगू का?"

"नको. मी सांगतो."

आणि मग सांगायचं राहून गेलं. आज तिचं डोकं दुखतंय, उद्या तिची बहीण आलीय, परवा ती जरा हसतेय तर कशाला. असं करत करत आठ महिने गेले.

लंबू तासाभरात तीन मजले धापा टाकत चढून आला. चौदा वर्षं तो उस्तादाचा जोडीदार होता, म्हणजे केबलच्या दुसऱ्या टोकाचा माणूस. उस्तादाच्या नजरेला त्याने नजर दिली आणि पटकन काढून घेतली. दवाखान्यात चित्र काढलं गेलं तेव्हा तोही कॉटपाशी उभा होता.

"काय भावजी, आता बोला!" ती म्हणाली.

"काय बोलणार वहिनी, उस्ताद आहेत ते. पायांना पण ओव्हरटाइम लावलाय."

"चेष्टा नको. तुमच्या केबलसारखं तपासूया. मी पायाला चिमटा काढून नंबर पुकारते, हे सांगतील मिळाला की नाही. तुम्ही साक्षीदार. डोळे मिटा हो."

लंबू आपल्या बुटांकडे बघू लागला.

चारशे जोड्यांची केबल जोडताना एका टोकाला एक माणूस असे, मैलभर लांब दुसऱ्या टोकाला दुसरा. बोलायला एक जोडी वेगळी राखलेली. दुसऱ्या टोकाचा तारेला टोचणी लावून नंबर पुकारी, इकडच्याच्या कानात टक्क झालं की तो म्हणे, "मिळाला." नाही झालं तर, "नाही." दोनच शब्द, पण अर्ध्या शहराचं बोलणं त्या दोन शब्दांवर. एका उन्हाळ्यात ऐकायचं काम लंबूकडे होतं. पोटात कावळे ओरडत होते म्हणून शेवटचे बारा नंबर त्याने न ऐकताच 'मिळाला, मिळाला' करत उरकले. त्यातले तीन मेलेले निघाले, आणि त्या तिनांतला एक सूतिकागृहाचा. उस्ताद अकरा दिवस त्याच्याशी बोलला नव्हता. रोज जेवताना मात्र बायकोला ऐकवायचा: "चोर परवडला गं. चोराला निदान माहीत असतं की आपण काय नेलं. न ऐकता मिळाला म्हणणारा नको."

"मिटले का?"

"मिटले."

"एक," ती पायाशी बसून म्हणाली.

पलंग करकरला. पायाने झटका मारला होता तर. उस्तादाच्या कानाने मैलभर लांबचा टक्क ओळखण्यात तीस वर्षं काढली होती; करकर ओळखायला त्याला काय लागणार! त्याने घसा साफ केला. 'नाही' हा शब्द जिभेवर येऊन बसला होता. तेवढ्यात तिचा श्वास ऐकू येईनासा झाला. ती श्वास धरून बसली होती.

"मिळाला," तो म्हणाला.

"खरंच? कुठे?"

"अंगठा."

"दोन."

करकर.

"मिळाला."

लंबू खोकला. कुणीतरी खोकावं असाच तो प्रसंग होता.

यानंतर बराच वेळ काही झालं नाही. रस्त्यावरून एक सायकल घंटी वाजवत गेली. मग तिचा आवाज आला, अगदी हलका.

"तीन."

पलंग करकरला नाही. उस्ताद क्षणभर थांबला. प्रत्येक वेळी झटका बसेलच असं नाही, डॉक्टरीणबाईंनीच सांगितलं होतं. आता एवढ्यावर आणून मागे फिरायचं म्हणजे आधीचे दोन्ही खोटे ठरणार.

"मिळाला," तो म्हणाला.

आणि म्हणता म्हणताच त्याच्या लक्षात आलं, की ती 'तीन' पायापाशी म्हणाली नव्हती. आवाज आला होता तो स्वयंपाकघराच्या दारातून.

लंबूचा बूट फरशीवर एकदा घासला गेला. उस्तादाने डोळे तसेच मिटून ठेवले. उघडले असते तर काहीतरी बोलावं लागलं असतं. मग पावलं आत गेली. नळ सुटला, बराच वेळ वाहिला आणि बंद झाला. फोनचे आकडे दाबल्याचा आवाज आला. सहा, सात, आठ. उस्तादाच्या कानाने सवयीने मोजले.

"काकू, मी वरची बोलतेय," ती म्हणत होती. आवाज जरा जड होता, सर्दी झाल्यासारखा. "जागा आम्ही घेतोय. हो, हो, दोन्ही खोल्या... नाही, विचार बदलायचं काय त्यात? पाय येतोय ना त्यांचा, छान येतोय. अहो, आत्ताच तपासला, साक्षीदारासमोर! पण नव्या पायाला एकदम तीन जिने कसे झेपणार? सरावाला रस्ता बरा... पायरी आहे ना तेवढी, तिच्यावर फळी टाकून घेऊ."

लंबूने नाक ओढलं. "उस्ताद," तो पुटपुटला, "मी गवंड्याकडे जाऊन येतो. फळी कशाला, उतारच करून घेऊ," आणि उत्तराची वाट न पाहता दडदडत जिना उतरला.

ती बाहेर आली. दारामागे प्लास्टिक फाटल्याचा लांबलचक आवाज झाला, मग ते चुरगाळल्याचा.

"अहो," ती म्हणाली, "संपलं तपासणं. उघडा आता डोळे."

"अजून एक राहिलाय," उस्ताद म्हणाला. "चार नंबर."

ती पलंगाशी आली, आणि तिने आपला ओला हात त्याच्या कपाळावर ठेवला.