कुंदाताईंनी पंखा मागायचा सोडला तेव्हा

मी एक जुना टेबलफॅन आहे, मित्रांनो. उल्हासनगरच्या एका पत्र्याच्या शेडमध्ये माझी जुळणी झाली. मान जरा वाकडी, पण वारा असा की कॅलेंडर भिंतीवर नाचायचं! १९९४ साली मी बदलापूरला, हेंद्रेपाड्यात कुंदाताईंच्या घरी आलो.

कुंदाताईंचं स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं होतं. दुखणं उलटू नये म्हणून डॉक्टरांनी रोज एक गोळी दिली होती, चांगली पाच वर्षं घ्यायची. गोळी गुणाची, पण तिच्यापायी अंगातून एकाएकी वाफा निघायच्या. भर डिसेंबरात बाई घामाने निथळायच्या आणि ओरडायच्या, "अहो, पंखा लावा!" त्यांचे यजमान हेमचंद्रराव कानटोपी ओढून माझं बटण दाबायचे. "बदलापूरचं महाबळेश्वर केलंस गं!" म्हणत हसायचे. मी तर मिजाशीत फिरायचो. भर थंडीत एवढा मान कुठल्या पंख्याला मिळतो, सांगा बरं?

एकदा कुंदाताईंच्या वेणूआत्या आल्या. म्हणाल्या, "अगं, गोळी उष्ण पडत्येय तुला. बंद कर नि सब्जा पी."

थोड्या आठवड्यांत वाफा थांबल्या. माझ्यावर जुन्या परकराची खोळ चढली. मेलं काय ते अपमानाचं जिणं! मी आत धुमसत बसलो.

एका सकाळी हेमचंद्ररावांनी विचारलं, "हल्ली पंखा मागत नाहीस?"

"गोळी सोडली ना! दीड महिना झाला."

त्यांनी चहाचा कप खाली ठेवला. "कुंदा, अगं, ती गोळी आजाराला अडवून धरते!"

कुंदाताईंचे डोळे भरले. "तुम्ही माझ्यापायी कुडकुडता, ते बघवत नव्हतं हो."

"कुडकुडेन की. पण मला तू हवीस."

त्याच दिवशी दोघं डॉक्टरांकडे गेली. तपासणीत सगळं ठीक निघालं, आणि माझाही जीव भांड्यात पडला. डॉक्टर म्हणाले, "सब्जा खुशाल प्या, पण गोळी मनाने सोडू नका. त्रास झाला तर मला सांगा. सुती कपडे घाला, चहा-तिखट कमी करा, आणि पंखा लावा."

गोळी पुन्हा सुरू झाली आणि संध्याकाळी माझी खोळ निघाली. पाच वर्षं पुरी होईपर्यंत मी ऐटीत फिरलो. कुंदाताई आजही ठणठणीत आहेत!

मित्रांनो, माझ्यासारख्या म्हाताऱ्याला वर्षातून दोन थेंब तेल द्या. आणि घरातल्या आजारी माणसाने त्रास सांगायचं एकाएकी थांबवलं, तर 'बरं झालं' म्हणू नका. जवळ बसून विचारा.