खुंटीवरची जुडी

टक्.

गॅलरीतल्या कूलरच्या पत्र्यावर काहीतरी पडलं. दुपारच्या बंद घरात तेवढाच आवाज. अनुश्रीच्या बोटांत सुई थांबली. उद्या अकती, म्हणजे अक्षय तृतीया. पाच वर्षांच्या श्रावणीला शेजारच्या मुलींसारखं मातीच्या बाहुला-बाहुलीचं लग्न लावायचं होतं, आणि बाहुलीला अजून लुगडं नव्हतं. पोर झोपली की असली कामं उरकायची.

गॅलरीच्या गजाला बांधलेल्या धानाच्या झालरीवर एक चिमणी उलटी लोंबकळत होती. झालरीत दाणे नव्हते. दिवाळीत बांधली होती ती पंधरा दिवसांत चिमण्यांनी साफ केली. तरी ही एक यायची, वाळक्या काड्या टोचायची आणि एखादा तुकडा पत्र्यावर पाडून उडून जायची.

मग दाराची कडी वाजली.

दारात एक म्हातारी उभी होती. पायांवर लाल धूळ, हातात तेंदूच्या फळांची पिशवी. यशोधन साहेबांचं घर हेच ना, असं तिने विचारलं आणि लगेच जीभ चावली. अनुश्रीने मान हलवली. म्हातारीने चपला बाहेर काढल्या, जिन्याच्या दोन पायऱ्या खाली, आणि आत येऊन भिंतीला टेकून बसली.

"मैं सुकवारो," ती म्हणाली.

अनुश्रीने हे नाव पुष्कळदा ऐकलं होतं. तिचा नवरा यशोधन कृषी खात्यात होता, गावोगावची जुनी धानं शोधत फिरायचा. सुकवारोच्या बांधावर पहिल्यांदा गेला तेव्हा ती त्याला म्हणाली होती, साहेब, आधी बूट काढ, हे धान तुझ्या हाताखालचं नाही. ही गोष्ट तो घरी आल्या-गेल्याला सांगायचा आणि स्वतःच हसायचा. भादव्यात एका दौऱ्यावरून परतताना त्याची मोटरसायकल ट्रकखाली आली.

विजयाबाई, त्याची आई, पाण्याचा लोटा घेऊन बाहेर आल्या. सुकवारोने पाणी घेतलं आणि येण्याचं कारण सांगितलं. दोन बस बदलून ती आली होती. बातमी दिवाळीच्या आधीच कळली होती, पण दुःखाच्या घरी मागायला कसं यायचं, म्हणून सहा महिने थांबली. आता अकती आली. अकतीला गावातला प्रत्येक जण पळसाच्या द्रोणात आपलं बियाणं घेऊन गावदेवापुढे, ठाकूरदेवापुढे जातो, मगच पेरणी. तिच्या द्रोणात घालायला काही नव्हतं.

"काहून? तुमचं धान काय झालं?" विजयाबाईंनी विचारलं.

सुकवारोने सांगितलं ते थोडक्यातच. तिचं धान कजरकोर. दाण्याच्या कडेला काजळाची रेघ असते. मुरमाड भाठ्यावर, उंचवट्याच्या हलक्या जमिनीत, दोन पावसांत तेवढंच पिकतं. पाऱ्यातल्या, म्हणजे वस्तीतल्या, सगळ्यांनी नवं बियाणं धरलं, ती एकटीच कजरकोर पेरत राहिली. औंदा दिवाळीच्या सुमाराला अवकाळी पाऊस लागून बसला. उभं पीक आडवं झालं आणि लोंबीतल्या लोंबीत दाण्यांना कोंब फुटले. कोठीत मागचंही काही राहिलं नव्हतं. पण तिला काळजी नव्हती. आदल्या वर्षीच्या कापणीला साहेबांनी तिने गुंफलेली लोंब्यांची एक जुडी मागून नेली होती. दफ्तरात उंदीर फार, घरीच ठेवतो म्हणाले होते. तुझं गेलं तर माझ्याकडे राहील, माझं गेलं तर तुझ्याकडे.

"साहब कहे रिहिस," ती अनुश्रीकडे बघून म्हणाली, "बहू ला बता दे हंव. मैं नइ रहूं, त बहू ले मांग लेबे."

साहेब म्हणाले होते, सुनेला सांगून ठेवलंय. मी नसलो तर तिच्याकडून माग.

विजयाबाई हसल्या, डोळ्यांत पाणी असतानाच. "असाच होता माया पोट्टा. घरात गहू सरले ते त्याले माहीत नसे, अन् कोणाच्या कोठीत कोणतं धान हाय ते तोंडपाठ." मग सुनेकडे वळून म्हणाल्या, "दे न वं काढून. कुठं ठेवली?"

अनुश्री उठली नाही. हातातलं बाहुलीचं लुगडं तिने घडी केलं, उलगडलं, परत घडी केलं.

श्रावणी कधी उठून दारात येऊन उभी राहिली होती, कुणाला कळलं नाही. ती बाबाखेरीज सगळ्यांशी हिंदीतच बोलायची.

"वो खूँटीवाला?" ती म्हणाली. "वो तो चिड़िया लोग खा गए."

आणि तिने गॅलरीकडे बोट दाखवलं.

यशोधन जाऊन दोन महिनेही झाले नव्हते तेव्हाची दिवाळी. घरात सण नव्हता. पण सगळ्या समता कॉलोनीत दारोदारी धानाच्या झालरी लागल्या, पाखरांसाठी, आणि श्रावणी रडून रडून थकली की आपल्याच दारावर चिमण्या का येत नाहीत. सदर बाजारच्या गर्दीत जायचं अनुश्रीला झेपलं नसतं. सामानाच्या खोलीत खुंटीवर एक जुडी होती, सुरेख गुंफलेली. तिने ती आणून गजाला बांधली. दुसऱ्या दिवशी सकाळी चिमण्या आल्या आणि श्रावणी हसली. बाबा गेल्यानंतर पहिल्यांदा.

सुकवारो गॅलरीत गेली. झालरीला तिने हात लावला नाही, नुसती जवळून पाहिली. वरची वेणी तिच्याच हातची होती.

विजयाबाईंनी सूप आणलं. कूलर भिंतीपासून ओढला. मागचा सहा महिन्यांचा केर अनुश्रीने मुठीमुठीने सुपात भरला आणि सुकवारो पाखडायला बसली. तूस उडालं, धूळ उडाली. शेवटी सुपात पाचसात दाणे राहिले. काजळाची रेघ अजून दिसत होती. सुकवारोने एक दाणा दातांखाली धरला. पोकळ. दुसराही. कूलरचं पाणी ठिबकतं त्या कोपऱ्यात अनुश्रीला आणखी तीन सापडले. ते भरलेले होते, पण त्यांना बोटभर पात्या फुटून गेल्या होत्या. कुणी पाहिलं नाही म्हणून तिथेच वाळल्या होत्या.

अनुश्रीने ते तळहातावर घेतले आणि पुढे केले, जणू त्यांचं काही होऊ शकत होतं.

सुकवारोने तिची मूठ मिटवली.

"चिरई खाइस," ती म्हणाली. "ओखरो पेट हे." चिमण्यांनी खाल्लं. त्यांनाही पोट आहे.

निघताना तिने ती रिकामी जुडी मागितली. गजावरून सोडवून पदराच्या टोकात गुंडाळली, वेणी दबणार नाही अशी. विजयाबाईंनी जेवून जायला सांगितलं, तर शेवटची बस चुकेल म्हणाली. तेंदूची फळं श्रावणीच्या ओंजळीत दिली. दोन पायऱ्या उतरून चपला घातल्या आणि मागे न बघता गेली.

विजयाबाई सूप धुवायला आत गेल्या. त्यांनी एका शब्दाने विचारलं नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं.

अनुश्री खुंटीसमोर उभी होती. त्याने जुडी आणली ती हिवाळ्यातली सकाळ तिला सगळी आठवत होती. मिक्सरमध्ये डाळ फिरत होती. डब्याला उशीर झाला होता, आणि आदल्या रात्री तो पुन्हा न सांगता उशिरा आला म्हणून ती रुसलेली होती. यशोधन जुडी हातात घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभा राहिला. बराच वेळ काहीतरी सांगत होता. हातांनी उंची दाखवली, मग बोटाने दाण्यावर रेघ ओढून दाखवली. हसला. मिक्सर बंद करायला एक बोट पुरलं असतं. तिने नुसती मान हलवली, हो, हो. आणि त्याला खरं वाटलं.

श्रावणी तेंदूचं फळ चोखत जवळ आली. आईच्या मुठीतली वाळकी पाती तिने ओढून पाहिली, रिकाम्या खुंटीकडे पाहिलं. मग फळ तोंडातून काढलं आणि बाबाशी बोलायची तसं, सावकाश, शब्द जुळवत विचारलं,

"आई, बाबांनी तुले काय सांगितलं होतं?"