मेजरची जात

"आई अस्सल बोअरबोल जातीची आहे, ती बघा पलीकडे बांधलीय. बापाचं विचाराल, तर तो कुंपणाखालून आला आणि कुंपणाखालूनच गेला." असं म्हणत लाझारोने दोन पिल्लं मानगुटीला धरून उचलली. तो त्या तंबाखूच्या फार्मवर माळी होता. "मालकांना ही भेसळ नकोय. कुणी घरी नेली तर जगतील बिचारी."

एनॉक मुकारोने आधी आईकडे पाहिलं. कोठाराच्या सावलीत ती वासराएवढी कुत्री पसरली होती. डोकं पाट्यासारखं रुंद. मग त्याने पिल्लांकडे पाहिलं. एक बारीक, टोकदार कानांचं, गावात कुठल्याही अंगणात दिसावं तसं. दुसरं तांबूस, जाड पंजांचं, कपाळावर आईसारख्या घड्या पडलेलं.

त्याच्या बायकोने, माई रुफारोने, बारक्याकडे बोट नेलं. ते शांतपणे तिचं बोट चाटत राहिलं.

"हे घेऊ या," ती म्हणाली. "डोळे बघा याचे. माणसांत राहील हे."

"डोळे घेऊन काय करायचंय? दारात उभं राहिलं की चार लोकांना दिसलं पाहिजे." एनॉकने जाड पंजांचं पिल्लू काखेत घेतलं. निघताना लाझारोला बाजूला ओढून तो हळूच म्हणाला, "बापाचं ते... कुणाकडे बोलू नकोस."

लाझारो खदखदून हसला. "साहेब, कुत्र्याचा बाप कोण विचारतो?"

एनॉकच्या मते विचारणारे पुष्कळ होते.

बुहेराच्या त्या कोरड्या मुलखात, चिवारे नावाच्या छोट्या बाजारगावात, तो बावीस वर्षं सरकारी आरोग्य निरीक्षक होता. हुद्दा ऐकायला बरा. काम म्हणजे मोटारसायकलवरून वस्तीवस्तीत जाऊन संडासांचे खड्डे मोजायचे, विहिरींत औषध टाकायचं आणि वर्षातून एकदा भोंगा तोंडाला लावून लोकांना कुत्र्यांना सुई टोचून घ्यायला बोलवायचं. साऱ्या पंचक्रोशीत त्याचं नाव 'संडासवाले साहेब' असं पडलं होतं. लोक ते प्रेमाने म्हणत, हे त्यालाही कळायचं. पण मेहुणीच्या लग्नात वधूचा काका भर मांडवात म्हणाला होता, "यांना मागच्या बाजूला बसवा रे, यांचं सगळं काम मागच्याच बाजूचं!" सगळे हसले होते. एनॉकही हसला होता. घरी येताना मात्र बायकोशी तो एक शब्द बोलला नव्हता.

म्हणून त्या रविवारी चर्चबाहेर कुणी पिल्लाबद्दल विचारलं तेव्हा त्याच्या तोंडून सहज निघून गेलं, "अस्सल बोअरबोल. आईबाप दोघंही दक्षिण आफ्रिकेतून आणलेले." त्याने नाव ठेवलं मेजर.

वाढवलं मात्र त्याने जिवापाड. मक्याच्या पिठाचा सद्झा शिजला की पहिला गोळा मेजरसाठी बाजूला निघायचा. त्यात कापेंटा मासळीची डोकी नाहीतर उकळलेल्या हाडांचं पाणी. जंताचं औषध वेळच्या वेळी. संध्याकाळी पायरीवर बसून एनॉक त्याच्या कानांतले, पंजांमधले गोचीड एकेक करून काढायचा आणि रॉकेलच्या डब्यात टाकायचा. पावसाळ्यात मेजरच्या पोटात दुखलं तेव्हा हा दोन दिवस कामावर गेला नाही. "माझ्या बाळंतपणाला एक दिवस राहिला होतात," माई रुफारो म्हणाली, पण तिलाही कुत्र्याचा लळा लागला होता.

वर्षभरात मेजरचा बाप मेजरच्या अंगातून बाहेर आला. डोकं तेवढं आईचं राहिलं. मागचं अंग सडपातळ झालं, पाय लांब झाले आणि शेपूट गावठी कुत्र्यासारखं पाठीवर गोल वळलं. शेजारचे सेकुरु म्हाका, सत्तरीचे म्हातारे, कुंपणाला रेलून म्हणाले, "मुकारो, तुमचा हा गडी पुढून मेजर आणि मागून शिपाई दिसतोय!"

"अजून अंग भरायचंय त्याचं, सेकुरु," एनॉक म्हणाला. कान तापल्याचं त्याचं त्यालाच जाणवलं.

सप्टेंबरात गुरं धुण्याच्या टाकीजवळ, झाडाखाली टेबल मांडून पशुवैद्यक खात्याचे मापोसा बसले. सुई टोचायची, मग कार्ड लिहायचं: मालकाचं नाव, कुत्र्याचं नाव, रंग, जात. मापोसांचा आवाज मोठा होता. "काळू, काळा, गावठी! सिंह, पिवळा, गावठी!" लोक हसत होते, दोरीला ओढत कुत्री पुढे करत होते. एनॉक भोंगा घेऊन रांगेच्या कडेला उभा राहून ओरडत होता, "एकही कुत्रं घरी ठेवू नका! पिसाळ रोग अंगात भिनला की औषध नाही, मरणच आहे! मी डोळ्यांनी पाहिलंय!"

ते खोटं नव्हतं. नोकरीच्या तिसऱ्या वर्षी त्याने एका गवंड्याला या रोगाने जाताना पाहिलं होतं. तहानेने तडफडणारा तो माणूस पाण्याचा पेला पुढे केला की किंचाळत होता.

"साहेब, तुमचा मेजर कुठाय?" रांगेतून कुणीतरी विचारलं.

"त्याचं जिल्ह्याला करून घेतो. तिथे मोठ्या कुत्र्यांची वेगळी लस असते."

असली वेगळी लस कुठेच नसते. त्याला फक्त मापोसांच्या त्या आवाजात 'मेजर, तांबडा, भेसळ' हे शब्द चारचौघांत ऐकायचे नव्हते. जिल्ह्याला गुपचूप जाऊन येऊ, असं त्याने मनाशी ठरवलं होतं. मग पुढचा आठवडा, पुढचा महिना करत ते राहून गेलं.

मार्चमधल्या एका दुपारी चिएद्झा आली. वय सात. तिची आई शाळेचे गणवेश शिवायची. माई रुफारोचा शिवलेला झगा कागदात गुंडाळून तिने पोरीच्या हाती पाठवला होता. मेजर अंगणात हाड चघळत बसला होता. पोर त्याच्या रोजच्या ओळखीची. तिने लाडाने हाडाकडे हात केला आणि मेजरने तिची पोटरी धरली.

एका क्षणात सोडलीही. पण रक्त घोट्यापर्यंत आलं होतं.

एनॉकने पोरीला उचलून नळाखाली नेलं. साबण लावून, धार सोडून तो पाय धूत राहिला, पंधरा मिनिटं, जसं तो गावोगाव सांगायचा तसंच. पोर हुंदके देत होती. मेजर शेपूट पायांत घालून भिंतीशी बसला होता. तेवढ्यात खांद्यावरची मोजपट्टी तशीच ठेवून तिची आई, माई चिएद्झा, धावत आली. तिने जखम पाहिली, एनॉककडे पाहिलं आणि छातीवर हात ठेवून विचारलं, "मुकारोसाहेब, सुई टोचलीय ना त्याला?"

"हो," एनॉक म्हणाला. "टोचलीय."

तिचा चेहरा निवळला. "देवा! घाबरलेच मी. तुमच्या घरचं कुत्रं, विचारायलाच नको होतं खरं तर." तिने उलट त्याचीच क्षमा मागितल्यासारखे दोन्ही तळवे हलकेच जुळवून वाजवले आणि पोरीला पाठुंगळी घेतलं. "दवाखान्यात पट्टी करून घेते."

माई रुफारो दारात उभी होती. मायलेकी गेल्यावर ती म्हणाली, "कधी टोचली?"

एनॉक वाकून नळाखालचा साबण उचलू लागला.

अर्ध्या तासाने गावच्या दवाखान्यातल्या सिस्टरचा निरोप आला. पिसाळ रोगाची लस जिल्ह्याच्या इस्पितळात होती, तीही मोजकीच. कुत्र्याचं कार्ड असेल तर मुलीला पाठवायचं कारण नाही. साहेबांनी कार्ड तेवढं पाठवावं.

त्याच्या कचेरीच्या खणात कोरी कार्डं होती. मोहिमेतून उरलेली, शिक्का मारलेली. एनॉकने दार लोटलं आणि पेन काढलं. मालक: ई. मुकारो. नाव: मेजर. रंग: तांबडा. सप्टेंबरातली तारीख. लशीचा क्रमांक त्याच्याच वहीत होता, तो त्याने उतरवला. मग 'जात' या शब्दापुढे त्याच्या हाताने, त्याला न विचारता, सवयीने लिहिलं: बोअरबोल.

तो त्या शब्दाकडे बघत राहिला.

एका पोरीचा जीव टांगणीला लागलेला असताना, खोटं कार्ड लिहितानासुद्धा, त्याला कुत्र्याचा बाप लपवायचं सुचलं होतं. बावीस वर्षं लोकांच्या घाणीत उतरलो, त्याला वाटलं, पण इतकी घाण कुठल्या खड्ड्यात पाहिली नाही. त्याने कार्ड फाडलं नाही; तेवढं करायलाही हात उचलवेना. तो तसाच बसून राहिला. दिवस कलला, सिस्टरचा दुसरा निरोप आला, तरी तो उठला नाही.

सकाळी तो शिलाई मशीनच्या घरघरीच्या दिशेने चालत गेला. दारात थांबून त्याने रीतीप्रमाणे आत येऊ का विचारणारी टाळी वाजवली. माई चिएद्झाने मशीनवरचे पाय थांबवले.

"या, साहेब. रात्री जरा कण्हली, पण आता झोपलीय."

"माई, मेजरला सुई टोचलेली नाही."

तिला कळायला वेळ लागला. हातातलं निळं कापड तिने मशीनवर ठेवलं, नीट घडी करून. "पण काल तुम्ही म्हणालात..."

"खोटं बोललो."

"का?"

रात्रभर त्याने पुष्कळ उत्तरं जुळवली होती. लस संपली होती, कामाचा व्याप होता, विसरलो होतो. ती सगळी जिभेपर्यंत आली आणि परत गेली.

"कार्डावर जात लिहितात," तो म्हणाला. "मेजर अस्सल नाही. त्याचा बाप गावठी होता. ते लोकांत कळू नये म्हणून मी त्याला नेलंच नाही."

माई चिएद्झा ओरडली असती, शेजारपाजार गोळा केला असता, तर त्याला बरं वाटलं असतं.

"कुत्र्याच्या जातीसाठी?" ती म्हणाली. अगदी हळू, ऐकण्यात काही चूक तर झाली नाही ना, असं विचारल्यासारखी. "कुत्र्याच्या जातीसाठी माझी पोर?"

एनॉकची मान वर झाली नाही.

"उभे काय राहिलात?" ती एकदम उठली. "गाडी काढा."

पेट्रोलच्या टाकीला पोट चिकटवून एनॉक, मध्ये चिएद्झा, मागे तिची आई. खडकाळ रस्त्याने ती तिघं चाळीस किलोमीटर गेली. वाटेत पोरीने विचारलं, "मेजरला मारतील?"

"नाही," एनॉक म्हणाला, आणि मग त्याला खोट्याची इतकी धास्ती बसली होती की त्याने लगेच जोडलं, "मला माहीत नाही, बाळ."

इस्पितळात त्याने सिस्टरला सगळं स्वतःच्या तोंडाने सांगितलं. परतल्यावर मापोसांच्या कचेरीत जाऊन तिथेही सांगितलं, आणि ते कार्ड त्यांच्या टेबलावर ठेवलं. मापोसांनी कार्ड वाचलं, चष्मा काढला, पुसला. या एका वेळी त्यांचा आवाज मोठा झाला नाही. "वर कळवावं लागेल मला, एनॉक."

"कळवा."

मेजरला दहा दिवस साखळीला बांधून नजरेखाली ठेवायचं ठरलं. पिसाळलेला असेल तर तेवढ्यात दिसणार. एनॉक रोज सकाळ-संध्याकाळ पाण्याचं भांडं त्याच्यापुढे ठेवून उकिडवा बसायचा आणि तो पितोय का ते बघायचा. मेजर लपलप पाणी प्यायचा, मग डोकं एनॉकच्या गुडघ्यावर टेकवायला साखळी ताणायचा. त्याला कशाचीच लाज नव्हती. त्याचं वळलेलं शेपूट आनंदाने हलत राहायचं.

बातमी दोन दिवसांत गावभर झाली. लोक कुंपणावरून बघून जात. सेकुरु म्हाकाही आले, रेलून उभे राहिले. एनॉक त्यांच्या टोमण्याची वाट बघत राहिला. म्हातारा काहीच बोलला नाही. तोंडातली काडी थुंकली आणि निघून गेला. त्या दिवशी एनॉकला पहिल्यांदा कळलं की लोक चेष्टा करत होते तोवर तो त्यांच्यातला होता.

महिनाअखेरीस हुकूम आला. भोंगा, मोटारसायकल आणि खणाची किल्ली तरुण सहायकाकडे द्यायची; चौकशी होईपर्यंत एनॉकने कचेरीत बसायचं.

दहा दिवस उलटले. मेजर धडधाकट होता. मापोसांनी स्वतः येऊन त्याला सुई टोचली. साखळी सुटल्यावर तो अंगणात तीन गोल फेऱ्या धावला. माई रुफारो त्याच्याकडे बघून झग्याच्या बाहीत तोंड लपवून रडली. एनॉकला रडूही आलं नाही.

कुत्रा बरा म्हणजे पोरही सुटली, पण इस्पितळातल्यांनी सांगितलं होतं, सुरू केलंय तर सुया पूर्ण करून घ्या. चौथ्या सुईच्या दिवशी एनॉक पहाटेच माई चिएद्झाच्या दारात उभा होता. आता मोटारसायकल नव्हती. तिने त्याला बोलावलं नव्हतं, नको असंही म्हटलं नाही. तिघं बसने गेली. तो दोन बाकं सोडून मागे बसला.

इस्पितळाच्या ओट्यावर लांब रांग होती. ऊन चढलं तसा एनॉक पोरीच्या बाजूला उन्हाच्या आड उभा राहिला. आत गेल्यावर चिएद्झाने सुई पाहून पाय आखडले आणि तिची एक चप्पल निसटून पडली. एनॉकने वाकून ती उचलली.

तिथली सिस्टर नवीन होती. तिने वही पुढे ओढली. "मुलीचे वडील का तुम्ही?"

एनॉकने तोंड उघडलं, पण उत्तर माई चिएद्झाने दिलं. "नाही. हे कुत्र्याचे मालक."

सिस्टरने पेन थांबवून त्याच्याकडे पाहिलं. रांगेतल्या दोघीतिघींनी माना वळवल्या.

"हो," एनॉक म्हणाला.

चिएद्झाने डोळे गच्च मिटून दंड पुढे केला आणि दुसऱ्या हाताने, न बघता, जवळ जे सापडलं ते घट्ट धरलं. ती एनॉकची बाही होती. आईने ते पाहिलं आणि सोडवलं नाही. सुई टोचून झाली, कापूस लावून झाला, तरी तो हातातली लहानशी धुळीची चप्पल छातीशी धरून तसाच उभा होता.