पक्कडकाकांचा जोड

रोबो मैदानाच्या मधोमध थांबला तो थांबलाच. जिला सगळे 'खार' म्हणायचे ती पोरगी कंट्रोलरची बटणं दाबत राहिली, पण तिकडे ऐकायला कोणी नव्हतं. रोबो स्पर्धेतला हा सामना गेला. आता एकच उरला होता.

"प्रोग्राम तूच बदललास ना सकाळी?" सरांनी विचारलं.

"प्रोग्रामचा संबंध नाही, सर. धक्का बसला की रेडिओचा दिवा विझतो. मग परत सुरू व्हायला त्याला मिनिटभर लागतं."

मागे हत्यारांच्या पेटीवर बसलेल्या पक्कडकाकांनी मान खाली घातली. कॉलेजच्या प्रयोगशाळेत ते एकतीस वर्षं मदतनीस. काकांनी केलेला तारेचा जोड म्हणजे काळ्या दगडावरची रेघ, असं सर येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे. प्रत्येक जोडावर काका पिवळ्या चिकटपट्टीचा एक वेढा द्यायचे, सही केल्यासारखा. पोरांना दटावायचे, "ओढून बघितल्याशिवाय पट्टी लावायची नाही. देवावर विश्वास ठेवा, जोडावर नको."

कंट्रोलरचा संदेश रोबोपर्यंत पोचवणाऱ्या त्या रेडिओची तार परवा त्यांनीच जोडली होती. तारेचं टोक त्यांना एकाच्या जागी दोन दिसत होतं. सोललेला भाग अंदाजाने धरला, पितळी टोपी बसवली, पक्कड दाबली आणि ओढून बघितलंच नाही. खार शेजारी उभी होती. तार सुटून आली असती तर तिच्यादेखत नाक कापलं गेलं असतं. डोळ्यांचं त्यांनी अजून बायकोलाही सांगितलं नव्हतं.

खारीने रोबोच्या पोटात हात घातला. तार ओल्या मातीतल्या मुळ्यासारखी अलगद हातात आली. टोपीने तांबं धरलंच नव्हतं, नुसतं वरचं प्लॅस्टिक धरलं होतं. तिने पिवळी पट्टी बघितली, एकदाच काकांकडे बघितलं, आणि नखाने ती पट्टी सोलून मुठीत दडवली.

"सापडलं, सर. जोड ढिला होता. मीच केला होता."

नातीच्या वयाच्या पोरीने आपली अब्रू झाकली आणि आपण मुकाट झाकू दिली, याची त्यांना लाज वाटली. त्यातही आत कुठेतरी हायसं वाटलं, त्याची तर जास्तच.

"वा! मग शेवटच्या सामन्याला तू बस बाहेर," सर म्हणाले. "कंट्रोलर दे त्याला. आणि ती तार काकांकडे दे."

आठ महिने सुट्टी न घेता सराव केलेल्या पोरीने कंट्रोलर शेजारच्या मुलाला दिला.

काका उठले. "सर, जोड माझा आहे."

"काका, पोरांना पाठीशी घालायची तुमची खोड जुनीच."

"माझाच आहे हो."

"तुमचा जोड सुटत नसतो," सर हसून म्हणाले.

एकतीस वर्षं कमावलेलं नाव असं ऐन वेळी आडवं आलं. काकांनी पक्कड उचलली, नवी टोपी घेतली आणि सगळ्यांसमोर तिच्यात तार घालायला लागले. तार टोपीच्या डावीकडून गेली. मग उजवीकडून. तिसऱ्यांदा ती त्यांच्याच अंगठ्यात रुतली. कोणी हसलं नाही. हसले असते तर बरं, असं काकांना वाटलं.

सरांनी त्या मुलाकडून कंट्रोलर घेऊन परत खारीपुढे धरला.

"थांबा. आधी जोड तिला करू दे," काका म्हणाले आणि पक्कड तिच्या हातात दिली. तिने जोड केला. काकांनी तो दोन्ही हातांनी, राग काढावा तसा ओढला. तो हलला नाही.

तिने तार बसवून बटण दाबलं. मिनिटभराने काका नाक टेकेपर्यंत रेडिओवर वाकले.

"हिरवा दिवा लागला का गं?" त्यांनी विचारलं. "मला दिसत नाही."

"लागला, काका."

"लुकलुकतोय की स्थिर?"

"स्थिर आहे."

"मग जा, खेळ," ते म्हणाले, आणि कोण बघतंय याची पर्वा न करता, हाताने पेटी चाचपत खाली बसले.