बारीक अक्षरातलं वाक्य

“बाई, हे शेवटचं वाक्य काढा,” साहेब म्हणाले. “सगळं कसं छान जमलं होतं, आणि तुम्ही त्यात मिठाचा खडा टाकलात.”

ऊर्जा खात्याच्या आकडेवारी विभागात बाईंची सगळी नोकरी एकाच आकड्यामागे गेली होती: देश जेवढं कमावतो, त्यामागे इंधन किती जळतं. इतर पुढारलेल्या देशांतल्यासारखा तो इथेही वर्षानुवर्षं उतरत होता. यंदा तर चांगलाच उतरला, आणि अहवालात त्याचं श्रेय नव्या यंत्रांना आणि काटकसरीला दिलं होतं. बाईंनी खाली जोडलं होतं, ‘काही घट भट्ट्या बंद पडल्यामुळे आहे. तो माल आता बाहेरून येतो.’

त्यातल्याच एका काचेच्या भट्टीवर बाईंच्या नवऱ्याने उमर काढली होती.

“साहेब, खोटं आहे का ते?”

“खोटं नाही हो. पण वाचणाऱ्याचा विरस होतो.”

“होऊ दे थोडा.”

बाईंना स्वतःचाच आवाज अनोळखी वाटला. आजवर साहेबांना त्या ‘बरं’खेरीज काही बोलल्या नव्हत्या. साहेबांनी उगाच चष्मा पुसला.

“ठीक आहे. तळटिपेत टाका. बारीक अक्षरात.”

घरी नवरा भाजी चिरत होता. भट्टी विझल्यापासून स्वयंपाकघर त्याने ताब्यात घेतलं होतं, आणि तिथे बाईंचं काही चालत नसे.

“काय म्हणतोय तुझा आकडा?”

“उतरला. बराच.”

“बघ! घरी बसून देशाचं भलं केलं की नाही मी?”

बाई हसायला गेल्या, पण हसू अर्ध्यावरच राहिलं. मग त्यांनी तळटिपेचं सांगितलं.

“माझ्यासाठी भांडलीस?”

“तुमच्यासाठी कशाला? आकड्यासाठी.”

“असू दे, असू दे,” म्हणत तो उठला. हात धुऊन त्याने बाईंना पाणी द्यायला पेला काढला. सकाळीच बाजारातून आणलेला, बाहेरच्या देशातला. भरणार तोच थांबला आणि त्याने तो दिव्यासमोर धरला. काचेत मोहरीएवढा बुडबुडा अडकला होता.

“काच पुरती शिजू दिली नाही,” तो म्हणाला. “घाई करायला लावतात बिचाऱ्याला.”

“कुणाला?”

“तिकडे भट्टीपुढे उभा असेल ना कुणीतरी.”

मग सदऱ्याच्या टोकाने पेला नीट पुसून त्याने पाणी भरलं आणि तो बाईंच्या हातात दिला.